डाव्या गालाची हळद

सगुणाबाईच्या घरात पंखा लागत नसे. वीज होती, पंखाही होता, तिच्या लेकाने, चंदूने, उल्हासनगरच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. पण चैत्र सरत आला तरी त्याचं बटण दाबायची कुणाची छाती नव्हती. वाऱ्याची झुळूक डाव्या गालाला लागली की म्हातारी अर्धं वाक्य तोंडात धरून गपकन थांबायची, डोळ्यांतून पाणी, आणि झटका ओसरला की पहिली शिवी पंख्याला. दुसरी चंदूला, पंखा आणला म्हणून. बदलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. शिरगावातल्या त्या घरात माणसं पेपराची घडी हलवत बसायची, आणि तीसुद्धा म्हातारीकडे पाठ करून.

दुखणं म्हणाल तर विजेचं. खालच्या जबड्यात, ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत कडकन चमकायचं आणि जायचं. घास चावला की यायचं, मशेरी लावली की यायचं, पदर घासला तरी यायचं. बाहेरून बघावं तर काही नाही. ना सूज, ना पुरळ, ना ताप. त्यामुळे आळीतल्या बायकांना ते दुखणं निम्मं खरं आणि निम्मं नखरा वाटायचं. चार वर्षं हे असं चाललं होतं.

सगुणाबाईने स्वतःच ठरवून टाकलं होतं की दोष दाढेचा. एकदा तिने काय ठरवलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी बदल नाही. आधी दाढेतला किडा काढणारी बाई झाली. तिने धुरी दिली, नळी लावली आणि एक पांढरा किडा वाटीत पाडून दाखवला. सगुणाबाईने तो उजेडात धरून नीट पाहिला आणि हा वांग्यातला आहे म्हणून बाईला उंबऱ्याबाहेर काढलं. मग उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी दातवाला झाला. तो बिचारा परोपरीने सांगत होता, अम्मा, दाढ एकदम अच्छी है. पण अम्मा खुर्चीतून उठेना, बाहेर पेशंटांची रांग वाढायला लागली, शेवटी त्याने हात जोडले आणि दाढ काढली. पुढच्या वर्षी शेजारची काढली. दोन चांगल्या दाढा गेल्या आणि वीज होती तिथेच राहिली.

आता एवढं काय, म्हातारपणी कुणाचं काय दुखत नाही, असं कुणी म्हणेल. पण सगुणाबाई साधी म्हातारी नव्हती, ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याने एवढंच समजावं, की भटजीला उशीर झाला तर माणसं सुपारी कातरत बसतात. धवलारीण आली नाही तर हळदच लागत नाही. ती धवला गाते, गाऊन गाऊन एकेका देवाला, एकेका वाडवडिलाला नावाने मांडवात बोलावते, नवरा-नवरीचं नाव त्यांच्या कानावर घालते, आणि मग पुढचे सगळे विधी. सगुणाबाईच्या सासूने तिला धवला शिकवताना एकच दम दिला होता: धवल्यात जे नाव येतं ते मांडवात येऊन बसतं, म्हणून तोंडातून खोटं नाव काढायचं नाही. शिरगावातली निम्मी लग्नं सगुणाबाईच्या तोंडून लागली होती. पाटावर बसली की लोक तिला विचारायचे, पुढे काय करायचं, आता काय आणायचं. ती कुणाला काही विचारत नसे. तशी सवयच नव्हती.

त्यांच्या आळीची आणखी एक रीत होती. नवरीला हळद लागली की तीच उष्टी हळद नवरीने धवलारणीच्या गालाला लावायची, तिचा आशीर्वाद म्हणून. डाव्या गालाला, कारण धवलारीण नवरीच्या उजव्या हाताला बसते आणि नवरीचा हात तिथेच पोचतो. गेली चार वर्षं सगुणाबाई तो गाल पुढे करत नव्हती. तळहात पुढे करायची, यावर लाव म्हणायची. नवऱ्या मुली हिरमुसायच्या, आणि म्हातारीला गर्व झालाय अशी कुजबूज व्हायची.

ती कुजबूज कोण पसरवतं हेही तिला माहीत होतं. कुळगावची शालन. शालनही धवलारीण, वयाने थोडी लहान, आवाज बरा, पण सगुणाबाईच्या मते ती देवांना बोलवायच्या ऐवजी हाक मारून पळायची. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य जुनं होतं. त्यात गावातल्या हिरामणच्या घरचं लग्न झालं आणि आगीत तेल पडलं.

झालं असं की बदलापुरातल्या एका डॉक्टरने सगुणाबाईला गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी वीज निम्म्याने कमी झाली हे खरं, पण डोकं जड, जीभ जड, दिवसभर गुंगी. त्या गुंगीत ती हिरामणच्या मांडवात बसली आणि नवरा म्हणून त्याच्या धाकट्या मुलाच्या जागी थोरल्याचं नाव गायली. थोरल्याचं लग्न होऊन त्याला दोन पोरं होती, आणि ती दोन्ही मांडवातच खेळत होती. बायका पदरात तोंड घालून हसल्या. थोरल्याची बायको तेवढी हसली नाही. हिरामणने हात जोडून शालनला बोलावलं, धवला पहिल्यापासून पुन्हा झाला, आणि सगुणाबाई आपल्याच गावच्या मांडवातून पाटावरून उठून आली. घरी येऊन तिने गोळ्यांची बाटली चुलीत टाकली. दुखलं तर दुखू दे, पण नाव चुकायला नको. त्यानंतर तिने कुठल्याच मांडवात पाऊल ठेवलं नाही.

आणि अशात विनिताचं लग्न ठरलं.

विनिता म्हणजे चंदूची एकुलती एक, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी, आजीच्या मांडीवर धवले ऐकत झोपलेली पोर. तिने बापाला सरळ सांगितलं की आजी गाणार नसेल तर मी हळदीला बसणार नाही. चंदू तोंडावर हो म्हणाला आणि मागच्या दाराने कुळगावला जाऊन शालनला सुपारी देऊन आला, न जाणो वेळ आली तर असावी म्हणून. असली बातमी शिरगावात किती वेळ लपणार? सगुणाबाईला कळलं तेव्हा लेकाला शिवी नाही, पंख्याला नाही. ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आपल्या नातीला आपल्या घरात शालनच्या तोंडून हळद लागणार, आणि आपण बाजूला बसून ऐकणार, या विचाराने तिला त्या विजेपेक्षा जास्त दुखलं.

विनिताने ते पाहिलं आणि ऑफिसात चौकशी सुरू केली. एका मैत्रिणीच्या वडिलांची मांडीपासून पायापर्यंत जाणारी कळ सुईने बरी झाली होती, म्हणे. सुई देणारी डॉक्टर माया ओव्हाळ, अंबरनाथ पश्चिमेची, मुंबईत शिकून आलेली, नसांच्या दुखण्याचंच काम करणारी. उल्हासनगरच्या एका इस्पितळात बसते. म्हातारीला तयार करायला फारसं लागलं नाही. शालनचं नाव एकदा घेतलं, एवढं पुरलं.

रिक्षात बसताना सगुणाबाईने छत्री उघडली. बाहेर नव्हे, आत. डाव्या अंगाला छत्री आडवी धरून, वाऱ्याला पाठ देऊन ती बसली. रिक्षावाला म्हणाला, मावशी, गाडी उडून जाईल. मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उल्हासनगरपर्यंत आरशातसुद्धा मागे बघितलं नाही.

डॉक्टर माया तरणी होती, बारीक होती, आणि पहिला प्रश्न विचारून हसली: आजी, दाढा किती काढल्या? सगुणाबाईने दोन बोटं दाखवली. मग वारा, घास, मशेरी, पदर, सगळं डॉक्टरनेच आपणहून एकेक विचारलं, जणू चार वर्षं म्हातारीच्याच घरात राहत होती. आणि एवढं विचारताना गालाला हात लावला नाही. लांबून, मान तिरकी करून बघितलं फक्त. सगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुखलं म्हणून नव्हे. आपलं दुखणं खरं आहे असं एका माणसाने न सांगता मान्य केलं होतं, आणि तिला एकदम हलकं वाटलं.

डोक्याचे फोटो झाले. आत गाठबिठ काही नव्हती. मग डॉक्टरने समजावलं. कानाच्या पुढून चेहऱ्याकडे एक नस येते, तिच्या तीन फांद्या. एक डोळ्याकडे, एक वरच्या गालाकडे, एक खालच्या जबड्याकडे. तुमची तिसरी बिघडलीये. पूर्वी यासाठी कवटी उघडायचे, अजूनही काही जणांना ते करावं लागतं. तुमच्या वयाला आपण सुईने करू. तोंडाच्या कोपऱ्याजवळून लांब सुई आत घालायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत नसेच्या मुळाशी न्यायची. कापाकापी नाही, टाके नाहीत. सुई पोचली की मी तुम्हाला जागं करणार आणि बारीकसा करंट देणार. मुंग्या कुठे येतात ते तुम्ही सांगायचं. जिथे मुंग्या येतील तोच भाग बधिर होणार, म्हणून नीट सांगायचं. मग पुन्हा झोपवून सुईचं टोक तापवून नसेचा तेवढा धागा निजवायचा. खालचा ओठ, हनुवटी, जबडा थोडा बधिर राहील, वीज मात्र थांबेल. पुढे काही वर्षांनी परत आली तर परत करता येतं.

चंदूने खूप प्रश्न विचारले. पथ्य काय, रजा किती, सुट्टी कधी मिळणार. सगुणाबाईने एकही विचारला नाही. तिने फक्त एक शब्द उचलला होता: ओठ. ओठ बधिर झाल्यावर धवला म्हणायचा कशाने? दाढ काढल्यावर संध्याकाळपर्यंत ओठ लोंबत होता आणि तिला धड पाणी पिता येत नव्हतं, ते तिला आठवत होतं. विचारलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पण विचारणार कोण? धवलारीण. रात्रभर तिने आपल्याच डोक्याने हिशेब केला. जिथे मुंग्या सांगू तोच भाग बधिर होणार ना? मग ओठाचं नावच घ्यायचं नाही. गाल सांगायचा. डोळा सांगायचा. ओठ वाचला म्हणजे झालं. एवढ्या अकलेवर ती स्वतःवरच खूश झाली.

सुईच्या दिवशी तिला टेबलावर घेतलं. हाताला सलाईन, बाजूला ते कमानीसारखं यंत्र, डोक्यावर हिरवं कापड. डोळा लागला तो लागला, आणि जाग आली ती डॉक्टरच्या हाकेने. गालात काहीतरी आहे एवढं कळत होतं, दुखत नव्हतं.

"आजी, आता मुंग्या येतील. कुठे येतात सांगा."

मुंग्या आल्या. खालच्या ओठात, हनुवटीत, अगदी विजेच्याच जागेवर, ओळखीच्या माणसासारख्या दारात उभ्या. सगुणाबाई म्हणाली, डोळ्याजवळ.

डॉक्टर थबकली. पडद्याकडे पाहिलं. सुई एवढीशी मागे घेतली, पुन्हा करंट दिला. पुन्हा ओठच. सगुणाबाई म्हणाली, गालात, वर, डोळ्याकडेच.

मग डॉक्टर खाली वाकली, म्हातारीच्या उजव्या कानापाशी आली.

"सुई कुठे आहे ते मला दिसतं, आजी. पण मुंग्या कुठे येतात ते तुम्हालाच कळतं, ते मला पडद्यावर दिसत नाही. तुम्ही डोळा म्हणालात तर मला तो खरा धरावा लागेल. डोळा बधिर झाला तर कचरा गेलेलाही कळत नाही, बुबुळाला जखम होते, दृष्टी जाते. मी सुई काढून घेते. आपण घरी जाऊ."

ती रागावली नव्हती. खरंच सुई काढणार होती. सगुणाबाईला हिरामणचा मांडव आठवला. तिथे गोळीच्या गुंगीत चुकीचं नाव तोंडात आलं होतं. त्याची लाज वाटली तरी त्यात पाप नव्हतं. आणि आज शुद्धीत, जाणूनबुजून, ती जिथे काही नाही तिथलं नाव घेत होती. सासूचा दम आठवला. नाव घेतलं की येऊन बसतं. डोळा म्हटलं तर डोळ्यावरच येऊन बसेल ते.

"खोटं बोलले गो," ती म्हणाली. "ओठात येतंय. खालच्या ओठात, हनुवटीत. डोळ्यात काय नाय. पहिल्यापासनं काय नव्हतं."

"मग असं का सांगितलंत?"

"नातीची हलद हाय. मना धवला गायाचाय. ओठ मेला तर शब्द कसा निघंल?"

डॉक्टरने मोठा श्वास सोडला. मग मास्कच्या आत हसली असावी, कारण डोळे बारीक झाले. तिने सांगितलं की ओठाला कळतं ती नस वेगळी आणि ओठ हलतो ती वेगळी. हलवणाऱ्या नसेला ही सुई शिवतसुद्धा नाही. चावायचे स्नायू काही दिवस थोडे ढिले पडतील, ते येतील जागेवर. ओठ हलेल, शब्द निघेल, फक्त ओठ हलला हे तुम्हाला आतून कळणार नाही. सगुणाबाईने हे ऐकून घेतलं आणि आडव्या पडल्या पडल्या विचारलं, हे आधी का नाय बोललीस? डॉक्टर म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत.

मुंग्या पुन्हा एकदा तपासल्या. ओठ, हनुवटी, जबडा. डोळ्याला धक्का नाही. मग तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी घरी आली तेव्हा गालावर टिकलीएवढी पट्टी होती, बाकी काही नाही. रिक्षात छत्री उघडली नव्हती. मांडीवर आडवी ठेवली होती, भरवसा नको म्हणून. घरात शिरली, कुणाशी न बोलता सरळ भिंतीपाशी गेली आणि पंख्याचं बटण दाबलं. चंदू, त्याची बायको, विनिता, सगळे श्वास रोखून उभे. पात्यांवरची धूळ आधी सगळ्यांच्या डोक्यावर पडली, मग वारा आला. म्हातारी डावा गाल वर करून पंख्याखाली उभी राहिली. वीज आली नाही. ती तशीच उभी राहिली, चंदूच्या बायकोने चहा आणून दिला तरी हलली नाही.

पण सुख म्हणजे निखळ सुख कुठे असतं! ओठ निम्मा आपला, निम्मा परका झाला होता. चहा कोपऱ्यातून ओघळायचा आणि पदर ओला झाल्यावर कळायचा. एकदा जेवताना ओठच चावला, रक्त आलं तेव्हा समजलं. सगुणाबाई आरशासमोर बसून धवला घोकायला लागली. आवाज तोच होता, शब्द स्पष्ट होते. विनिता शपथेवर सांगत होती. म्हातारीला मात्र आपलं तोंड उघडलंय की मिटलंय हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. मांडवात आरसा थोडाच नेणार?

हळदीचा दिवस आला. मांडवात माणूस मावेना, बाहेर बेंजोवाले वाद्यं जुळवत कधी एकदा म्हातारीचं आटोपतंय म्हणून ताटकळलेले. शालनने सुपारी घेतली होती, म्हणून तीही आली होती, नवी साडी नेसून. चंदू कुठे बघावं ते न कळून मांडवाच्या दोऱ्या उगाच ओढत होता. सगुणाबाईने शालनकडे एकदा पाहिलं आणि आपल्या पाटाच्या उजव्या बाजूला जागा करून दिली. बस म्हणाली. मागनं झील धर.

तिने गावदेवीला बोलावलं. मग कुळाच्या देवाला. मग चार पिढ्यांच्या माणसांना एकेकाच्या नावाने. जिथे तोंड मोठं उघडावं लागतं, जिथे चार वर्षं नेमकी वीज कडाडायची, ती जागा जवळ आली तेव्हा तिने मुठी आवळल्या. आणि ती जागा आली तशी गेली. आवाज वर चढला, बेंजोवाल्यांनी ढोलाच्या काठ्या खाली ठेवल्या. पुढे नवरीचं नाव घ्यायची वेळ आली. तिने विनिताचं नाव घेतलं, चंदूची लेक म्हणून घेतलं, नवऱ्याचं घेतलं, सगळं ज्याचं त्याच्या जागेवर. गाता गाता ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा थेंब ओघळला. तिला पत्ताच नव्हता. शालनने झील न तोडता आपल्या नव्या साडीचा पदर पुढे केला आणि तो टिपला. सगुणाबाईला तो पदरही कळला नाही, तिला फक्त शालनचा हात डोळ्यांसमोरून जाताना दिसला. गाणं तसंच पुढे गेलं.

हळद लागली. विनिताने वाटीतली उष्टी हळद बोटांवर घेतली आणि तिचा हात सवयीने आजीच्या तळहाताकडे गेला. मग थांबला. आजीने तळहात मांडीवर उपडा ठेवला होता आणि डावा गाल पुढे केला होता. विनिताने भीत भीत बोटं टेकवली, मग पूर्ण हात टेकवला, जबड्यावरून हनुवटीपर्यंत हळद ओढली. चार वर्षांत त्या गालाला घरच्या माणसाचा हात लागला नव्हता. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, चंदूने दोरी सोडून दिली.

सगुणाबाई तशीच वाट बघत बसली होती, मान पुढे करून.

"लाव ना," ती म्हणाली. "काय बघतेस?"

"लावली, आजी. कधीच लावली."

म्हातारीने बोटांनी गाल चाचपला. बोटं पिवळी झाली. ती त्या पिवळ्या बोटांकडे बघत राहिली, हसली, आणि मग तिचाही बांध फुटला. पदराने डोळे पुसून तिने मान वळवली आणि दुसरा गाल नातीसमोर धरला.

"उजवीकडं पन लाव गो बाय," ती म्हणाली. "मना कळू दे."